मॅडम आत आहेत

थर्मामीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात, सोमवारी सकाळी, गुणवत्ता तपासणी विभागाच्या प्रमुख बाईंना असं कळलं की त्या आधीच कामाला बसलेल्या आहेत.

ही माहिती त्यांना त्यांच्याच संगणकाने दिली. त्यांनी पर्स खुर्चीला अडकवली, चष्मा पुसला, नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि पडद्यावर फिकट निळ्या चौकटीत मजकूर आला : ‘आपण आधीच आत आहात. एका व्यक्तीस एका वेळी एकच सेशन अनुज्ञेय आहे. पुन्हा आत येण्यापूर्वी कृपया बाहेर पडा.’ खाली ‘ठीक आहे’ असं लिहिलेलं एकच बटण होतं. बाईंना ते ठीक वाटलं नाही, पण दुसरं बटण नसल्यामुळे त्यांनी तेच दाबलं. चौकट गेली आणि परत आली.

बाहेर पडायचं बटण आत होतं.

बाईंना आत जाणं भाग होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नव्या बॅचमधले थर्मामीटर चाचणीच्या टाकीत सोडले होते. टाकीतलं पाणी एकोणचाळीस अंशांवर होतं, म्हणजे माणसाला आडवं करणारा ताप. थर्मामीटरनी सदतीस दाखवलं. बाईंनी पाणी आणखी तापवलं, मग वैतागून त्यात बर्फ टाकला. सदतीसच. सदतीस म्हणजे ठणठणीत. त्या बॅचमधला एकेक थर्मामीटर कुठल्या तरी घरात, फणफणलेल्या एखाद्या पोराच्या काखेत जाणार होता आणि त्याच्या आईला सांगणार होता की काही झालेलं नाही, झोपा. बाईंनी ‘अमान्य’चं लाल बटण दाबलं आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर अडकलं. पडद्यावर एक गोल बराच वेळ फिरत राहिला, मग पडदा काळा झाला. बाईंना वाटलं, नोंद झाली असेल. सोमवारी गोदामातून विचारणा आली तेव्हा कळलं, झालेली नाही.

कारखान्याचा सगळा कारभार ‘सुसूत्र’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. खरेदी, विक्री, हजेरी, रजा, गोदाम आणि पुढचं फाटकसुद्धा एकमेकांना बांधलेलं होतं, म्हणजे एका ठिकाणी झालेली चूक सगळीकडे वेळेवर पोचत असे. त्यात बॅच मंजूर करण्याचा नियम असा होता : तपासणी अधिकारी हजर असताना त्याने गुरुवारी दुपारपर्यंत हरकत घेतली नाही, तर बॅच मान्य समजून गाडीत चढवावी. अधिकारी गैरहजर असेल तर थांबावं. पूर्वी काही अधिकारी हजर राहूनही महिनोन्‌महिने सही करत नसत, त्यावर हा उतारा होता. ज्या बैठकीत तो मांडला गेला तिथे कोणीच काही बोललं नाही, त्यामुळे तो लगेच लागू झाला.

आता बाई हजर होत्या आणि गप्प होत्या. त्या अशाच गप्प राहिल्या तर गुरुवारी दुपारी थर्मामीटर दुकानांकडे निघणार होते.

त्यांनी हेल्पडेस्कला फोन लावला. तिथल्या मुलाला सगळा कारखाना तिकीटमास्तर म्हणायचा, कारण कुठल्याही अडचणीवर तो तक्रारीचं तिकीट टाकायला सांगायचा.

“बंद करून चालू केलंत का, मॅडम?”

“केलं.”

“परत एकदा करून बघा ना.”

“तीनदा केलं. दुसऱ्या संगणकावरून पण बघितलं. तिथेही मी आतच आहे.”

“मग तिकीट टाका.”

“कुठून टाकू?”

“आत गेलात की डावीकडे वरच आहे.”

“अरे, आत जाता येत नाही हीच तर तक्रार आहे.”

“हो ना. पण तक्रार आपण आतूनच घेतो. बाहेरून घ्यायला लागलो तर कोणीही उठून तक्रार करेल.”

बाईंनी शेजारच्या हिशेबनिसाला गळ घातली आणि त्याच्या नावाने तिकीट टाकलं. थोड्या वेळाने तिकीटमास्तरचा फोन आला. आवाज गंभीर होता.

“मॅडम, तुमच्याविषयी एक तक्रार आलीये. तुम्हाला आत जाता येत नाही म्हणे. खरं आहे का, हे विचारायला तुम्हाला निरोप पाठवलाय.”

“कुठे पाठवलाय?”

“आत.”

“आणि उत्तर आलं नाही तर?”

“तर तुमची तक्रार नाही असं धरून तिकीट बंद होतं. थांबा हं… झालं बघा बंद. आमची सेवा कशी वाटली, ते एका वाक्यात सांगाल?”

बाईंनी एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य नोंदवून घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

मग त्या संगणक विभागाच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांच्या खोलीत यंत्रांसाठी थंडावा ठेवलेला असे आणि साहेब त्यात स्वेटर घालून बसत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“असं होऊच शकत नाही,” ते म्हणाले. “माणूस रिकामा बसला की अर्ध्या तासात सेशन आपोआप बंद होतं.”

“मग माझं का झालं नाही?”

“कारण तुम्ही रिकाम्या बसलेल्या नाही आहात.” साहेबांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. बाईंच्या नावापुढे दर मिनिटाला एक नोंद पडत होती. सदतीस. सदतीस. सदतीस. “शनिवारी पण चालू. रविवारी पण. जेवायलासुद्धा उठला नाहीत. खरं सांगतो मॅडम, आमच्या पोरांना दाखवायला हवं हे.”

“सर, ती मी नाही. टाकीत थर्मामीटर राहिलाय आणि त्याची वायर संगणकाला जोडलेली आहे. तो पाठवतोय हे आकडे.”

“मग वायर काढा!” साहेब म्हणाले. इतकं सोपं निघालं म्हणून त्यांना आनंद झाला.

बाई खाली गेल्या, त्यांनी वायर उपटली, ती हातात घेऊनच परत वर आल्या. पडद्यावर नोंदी पडतच होत्या. सदतीस. सदतीस.

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “वायर निघाली तर नोंद तुटू नये म्हणून सॉफ्टवेअर शेवटचा आकडा पुढे चालू ठेवतं. ही सोय आपण मुद्दाम मागून घेतली होती.” पाहुण्यांना मुलीचं गाणं ऐकवावं, तशा स्वरात ते हे सांगत होते.

“मग तुम्ही सेशन मारून टाका.”

“मारता येतं हो. एका बोटाचं काम आहे.” साहेबांनी ते बोट वर धरलं आणि त्याकडे पाहिलं. “पण मागे एकदा संचालकांचं सेशन चुकून मारलं गेलं आणि त्यांचं अर्धं लिहून झालेलं भाषण गेलं. तेव्हापासून कामात असलेल्या माणसाचं सेशन त्याच्या संमतीशिवाय मारायचं नाही.”

“माझी संमती आहे.”

“तुमची आहे हो,” साहेब समजुतीने म्हणाले. “पण त्यांची?”

घरी जेवताना बाईंनी हे सगळं सांगितलं. नवरा आधी हसला, मग विचार करून म्हणाला, “मग उद्या जाऊच नकोस. नाही तरी तू तिथे आहेसच.”

“आणि ती बॅच?”

“अगं, एवढी मोठी कंपनी आहे. कोणीतरी बघेलच की.”

“बघणारी मीच आहे, अहो.”

“दोघी झालात ना आता?” आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. “मग एकीने घरी थांबावं. पडदे धुवायचे राहिलेत.”

सोमवारी मालाच्या गाडीसाठी कारखान्याचं फाटक उघडंच होतं; मंगळवारी सकाळी ते बंद होतं, म्हणून बाईंनी कार्ड लावलं. लाल दिवा लागला.

“मॅडम, तुम्ही आत आहात,” पहारेकरी म्हणाला.

“मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“मला दिसताय हो. फाटकाला दिसत नाही ना.” तो कनवाळू माणूस होता. त्याने वही ओढली. “असं करू, भेटायला येणाऱ्यांचा पास करून देतो. कोणाला भेटायचंय?”

बाईंनी क्षणभर विचार केला. “मलाच.”

पहारेकऱ्याने अदबीने त्यांचंच नाव लिहिलं आणि त्यांच्याच खोलीत फोन लावला. फोन बराच वेळ वाजला. “उचलत नाहीत. कामात असतील. बसा तुम्ही.”

बाकावर खोकी विकायला आलेला एक माणूस आधीपासून बसला होता. त्याने सरकून जागा दिली. “तुम्हीपण त्याच मॅडमकडे का? मीपण. कशा आहेत हो स्वभावाने?”

“शांत आहेत,” बाई म्हणाल्या. “सध्या जरा जास्तच.”

शेवटी गोदाम सांभाळणारे गोदामकाका फाटकाशी आले आणि त्यांनी बाईंना आपल्या जबाबदारीवर गोदाम बघायला आलेली पाहुणी म्हणून आत घेतलं. नव्या बॅचची खोकी छतापर्यंत रचलेली होती. बाईंनी खोक्यावर हात ठेवला.

“काका, ही बॅच गुरुवारी सोडू नका. खराब आहे.”

“तुम्ही म्हणता म्हणजे असणारच,” काका म्हणाले. “अहो, तुमचा शब्द मी कधी मोडलाय का? फक्त तो पडद्यावर दिसू दे. लाल दिसलं की थांबवतो, हिरवं दिसलं की सोडतो. तोंडी थांबवली आणि उद्या कोणी विचारलं, तर मी काय सांगू? मॅडम म्हणाल्या? मॅडम तर वर काम करतायत.”

“आणि एखाद्या घरात ताप असलेलं पोर तसंच राहिलं तर?”

काकांनी खोक्यावरची धूळ पुसली. खरंच वाईट वाटलं त्यांना. “म्हणूनच म्हणतो, मॅडम,” ते म्हणाले, “तुम्ही लवकर बोला एकदा त्यांच्याशी.”

बाई मनुष्यबळ विभागात गेल्या. तिथल्या प्रमुखांना सगळे हजेरीताई म्हणत. हजेरीताईंनी उठून त्यांचं स्वागत केलं, कारण शुक्रवारपासून एकदाही जागा न सोडणारी कर्मचारी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मग त्यांच्या लक्षात आलं की समोर उभी असलेली ती नाही.

“अच्छा, तुम्ही त्या बाहेरच्या,” त्या खाली बसल्या. “हे बघा, मी कोणाची बाजू घेत नाही. पण आमच्याकडे फक्त एकीची हजेरी आहे. आतल्या मॅडमची. तुमची कुठेच नाही. काल तुम्ही दिवसभर इथे होतात म्हणता, पण परवानगी कोणाची होती?”

“मी इथे बारा वर्षं काम करते, ताई. तुमच्या मुलीच्या परीक्षेच्या वेळी प्रयोग कोणी शिकवले तिला?”

“तुम्हीच,” हजेरीताई म्हणाल्या. “ते मी माणूस म्हणून विसरणार नाही. पण आत्ता मी ऑफिसमध्ये आहे ना.”

प्रकरण बुधवारी संचालकांपुढे गेलं. त्यासाठी रीतसर बैठक बोलावण्यात आली. विषय होता : ‘एकाच पदावर दोन दावेदारांमधील संघर्ष’. आतल्या मॅडमनाही निमंत्रण गेलं होतं. त्या आल्या नाहीत, पण कामाच्या व्यापामुळे येता आलं नसावं असं सर्वांनी मानलं. त्यांच्यासाठी एक खुर्ची मात्र मोकळी ठेवली होती. बाईंना भिंतीकडेची मिळाली.

बाईंनी वाद घातला नाही. त्या विज्ञान शिकलेल्या होत्या, आणि प्रयोग डोळ्यांसमोर केला की माणसं पटकन समजतात, असं त्यांना अजूनही वाटायचं. त्यांनी बॅचमधला एक थर्मामीटर काढला आणि संचालकांच्या चहाच्या कपात बुडवला. चहातून वाफा येत होत्या. मग तो बर्फाच्या पाण्यात बुडवला. मग त्यांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

“सदतीस,” संचालकांनी वाचलं. “आणि आधी?”

“सदतीस.”

“म्हणजे सातत्य आहे.”

“सर, चहाला सदतीस म्हणजे तो बिघडलाय.”

“चहा?”

“थर्मामीटर.”

संचालकांनी तो उजेडात धरून पाहिला. “मॅडम, मी तुमच्याइतका शिकलेलो नाही. पण मला सांगा, आतल्या मॅडमनी याच थर्मामीटरची शुक्रवारपासून दर मिनिटाला तपासणी केली. हजारो नोंदी आहेत. एकाही नोंदीचं दुसरीशी भांडण नाही. आणि तुम्ही दोन वेळा बुडवून म्हणता, बिघडलाय. मी कोणाचं ऐकू?”

“पण आत कोणी नाही!” बाईंचा आवाज चढला. कारखान्यात तो पहिल्यांदाच चढला होता, त्यामुळे त्याची सगळ्यांनी दखल घेतली.

“चेहरा लाल झालाय हो तुमचा,” हजेरीताई काळजीने उठल्या. “दोन दिवस दगदग पण झालीये. कणकण आहे का बघू.” त्यांनी तोच थर्मामीटर पुसला आणि बाईंच्या काखेत दिला. खोलीतले सगळे थांबले. थर्मामीटर वाजला.

“सदतीस,” हजेरीताईंनी जाहीर केलं. “काही झालेलं नाही तुम्हाला.”

बैठकीने असा तोडगा काढला की मूळ पद आतल्या मॅडमकडेच राहावं आणि बाहेरच्या बाईंना, त्यांचा अनुभव पाहता, आतल्या मॅडमच्या हाताखाली साहाय्यक नेमावं. कोणाची काही हरकत आहे का, असं संचालकांनी विचारलं आणि मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं. तिकडून हरकत आली नाही.

साहाय्यक म्हणून बाईंना नवं नाव आणि नवा पासवर्ड मिळाला. त्यांनी तो घातला आणि पहिल्याच प्रयत्नात त्या आत गेल्या. साहाय्यकाला बॅच अमान्य करता येत नव्हती, पण तशी शिफारस आपल्या अधिकाऱ्याकडे पाठवता येत होती. बाईंनी सगळी कारणं नीट लिहून शिफारस पाठवली. आणि तेव्हा, तीन दिवसांत पहिल्यांदाच, त्यांना हसू आलं. अधिकारी हजर होती. अधिकारी गप्प राहणार होती. म्हणजे नियमाप्रमाणे शिफारस मान्य होणार होती.

त्या साहेबांच्या थंड खोलीकडे जवळजवळ धावतच गेल्या.

“अगदी बरोबर,” साहेब म्हणाले. “शंभर टक्के मान्य होणार. हुशार आहात.” मग त्यांनी पडद्यावर पाहिलं. “पुढच्या गुरुवारी.”

“पुढच्या?”

“बुधवारी आलेली शिफारस पुढच्या आठवड्यात धरतात. म्हणजे अधिकाऱ्याला गप्प राहायला पुरेसा वेळ मिळतो.”

गुरुवारी दुपारी गोदामातल्या पडद्यावर हिरवं आलं. गोदामकाकांनी दोनदा चष्मा लावून खात्री केली आणि गाडीला इशारा केला. बाई गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मॅडम, काय चाललंय हे?” काका धावत आले. “मान्यता तुमचीच आहे ना? तुम्हीच मान्य करायचं आणि तुम्हीच आडवं यायचं, म्हणजे आम्ही काय करायचं?”

“मी नाही मान्य केलं,” बाई म्हणाल्या. “तिने केलंय.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. तिकीटमास्तर, हजेरीताई, साहेब, सगळे तिथे जमले होते, आणि सगळ्यांनी मान हलवली. चार दिवस ज्या एका मुद्द्यावर घोडं अडलं होतं, तो बाईंनी स्वतःच मान्य केला होता.

“हां,” काका हळुवारपणे म्हणाले. “मग तिच्याशी बोला ना. गाडीने काय केलंय?” त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. गाडी गेली.

बॅच गेल्यामुळे चाचणी संपली. चाचणी संपल्यामुळे नोंदी थांबल्या. अर्ध्या तासाने आतल्या मॅडम कोणालाही न सांगता बाहेर पडल्या. बाईंनी आपल्या खोलीत जाऊन जुनं नाव आणि जुना पासवर्ड घातला. ‘सुस्वागतम्,’ सॉफ्टवेअर म्हणालं. बॅचच्या नोंदीत मान्यतेपुढे त्यांचंच नाव होतं. नोंद बदलायची असल्यास कारण निवडायचं होतं. कारणांमध्ये ‘मी त्या वेळी हजर नव्हते’ हे एक होतं, पण ते फिकट दिसत होतं आणि दाबलं जात नव्हतं. शुक्रवारपासून त्यांची हजेरी अखंड होती.

पुढच्या गुरुवारी साहाय्यकाची शिफारस अधिकाऱ्याच्या मौनाने मान्य होणार होती. बाईंनी सकाळीच ती स्वतः मान्य केली. कंपनीनेही टाळाटाळ केली नाही. ज्या ग्राहकांना थर्मामीटर चुकीचा दाखवत असल्याचं आढळेल त्यांनी तो परत करावा, बदलून मिळेल, असं सगळीकडे जाहीर करण्यात आलं. बाईंनी दुकानांच्या वाटा धरल्या, काउंटरवर उभं राहून लोकांना सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं, घरी जाऊन थर्मामीटर लावून पाहिला, आणि ठेवून दिला.

एकही परत आला नाही. संचालकांनी याबद्दल गुणवत्ता विभागाचं अभिनंदन केलं, ते बाईंच्या नावे होतं.

कुठल्या तरी घरात आईने पोराच्या कपाळाला हात लावला तेव्हा तो भाजला असेल. तिने थर्मामीटर लावला असेल. सदतीस दिसल्यावर तिने कपाळावरचा हात काढून घेतला असेल, आणि आपल्यालाच उगीच वाटलं म्हणून स्वतःला हसलीही असेल. बाईंना रोज संध्याकाळी या घराची आठवण येते. ते नेमकं कोणाचं, हे त्यांना ठाऊक नाही.

ते तुमचं नाही, याबद्दल तुमची खात्री आहे. तुमच्या घरातला थर्मामीटर चांगला आहे. तुम्ही तो कितीदा तरी लावून पाहिलाय, आणि दर वेळी सगळं ठीकच निघालंय.